कॅपिटल-स्मॉल न पाहता मजकुराचे तुकडे: रेजेक्स स्प्लिटची पहिली ओळख

प्रोग्रामिंग शिकायला लागलं की स्प्लिट पहिल्या काही दिवसांतच भेटतं. स्वल्पविराम दिला की स्ट्रिंगचे तुकडे मिळतात, काम झालं. अडचण सुरू होते ती सेपरेटर म्हणून, म्हणजे जिथे कापायचं ती खूण म्हणून, चिन्हाऐवजी शब्द आला की. माणसं एकच शब्द चार तऱ्हांनी टाइप करतात. कोणी पूर्ण कॅपिटल, कोणी पूर्ण स्मॉल, तर कोणाच्या फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो. अशा मजकुराचे नीट तुकडे रेजेक्सने, म्हणजे काय शोधायचं त्याचा नमुना (पॅटर्न) लिहिण्याच्या पद्धतीने, कसे करायचे, ते या लेखात पायरीपायरीने पाहू. उदाहरणं मुख्यतः पायथनची घेतली आहेत. जावास्क्रिप्ट, जावा, सी शार्प, पीएचपी आणि गो इथे वाट कुठे वेगळी होते, तेही त्या त्या ठिकाणी येईल.

कोडबद्दल एक सूचना. या लेखात कोडही उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. एडिटरमध्ये तो रोमन अक्षरांतच टाइप करायचा. `\एस` म्हणजे बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून स्मॉल एस, `\बी` म्हणजे बॅकस्लॅश आणि स्मॉल बी. कंस, अधिकचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि उभी रेघ जशी दिसतात तशीच टाइप करा.

आधी मूळ अडचण

संगणकाला कॅपिटल ए आणि स्मॉल ए ही एकाच अक्षराची दोन रूपं आहेत हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या संख्या आहेत: अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात कॅपिटल ए म्हणजे ६५ आणि स्मॉल ए म्हणजे ९७. बाकीच्या अक्षरांतही हाच ३२ चा फरक आहे. म्हणून साधं स्प्लिट एक रूप ओळखतं आणि दुसरं सोडून देतं. दोन्ही रूपं एकच माना, असं आपणच त्याला सांगावं लागतं.

लेखभर एकच स्ट्रिंग वापरू. एका शोधपेटीत कोणीतरी रंगांची नावं लिहिली आहेत:

`रेड ऑर ब्लू ऑर ऑरेंज ऑर कोरल`

ती रोमन लिपीत कशी आहे ते डोळ्यांसमोर आणा. पहिला ऑर पूर्ण कॅपिटल, दुसरा पूर्ण स्मॉल, तिसऱ्यात फक्त ओ कॅपिटल. ऑरेंजचा ओ कॅपिटल आहे, कोरल पूर्ण स्मॉल. आपल्याला चार रंग हवेत.

ही स्ट्रिंग मुद्दाम निवडली आहे. ऑरेंज या शब्दाची सुरुवातच ओ-आर अशी होते आणि कोरलच्या पोटात तीच दोन अक्षरं दडलेली आहेत. खऱ्या मजकुरात असे शब्द हटकून येतात. सरावासाठी घेतलेल्या सोप्या वाक्यात मात्र ते नसतात, म्हणून चूक उशिरा कळते.

पहिली पायरी: सगळं स्मॉल करून टाकण्याचा मोह आवरा

नवशिक्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे पूर्ण मजकूर लोअर करायचा आणि मग साधं स्प्लिट चालवायचं. तुकडे पडतात, पण मूळ मजकूर हातचा जातो. ऑरेंजचा कॅपिटल ओ गेला. रंगांच्या जागी माणसांची नावं, संस्थांची संक्षिप्त रूपं किंवा पासवर्ड असते तर झालेलं नुकसान भरून काढता आलं नसतं. कापताना मजकुराला धक्का लागू नये. सैल व्हायचं ते पॅटर्नने, मजकुराने नव्हे. या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे.

यावर काहींची एक युक्ती असते. लोअर केलेल्या प्रतीत सेपरेटरच्या जागा शोधायच्या आणि त्याच क्रमांकांवर मूळ स्ट्रिंग कापायची. इंग्रजी मजकुरावर ती चालते. पण तुर्की भाषेत डोक्यावर टिंब असलेला एक कॅपिटल आय आहे. पायथनमध्ये तो लोअर केला की एका अक्षराच्या जागी दोन कोडपॉइंट (संगणकाच्या लेखी एका चिन्हाचा एक क्रमांक) येतात: साधा स्मॉल आय आणि वर बसणारं सुटं टिंब. म्हणजे लांबी बदलली, पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले आणि कापणी शब्दाच्या मध्यावर झाली. रेजेक्सच्या वाटेने गेलं तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

दुसरी पायरी: फ्लॅग लावा, आणि योग्य जागी लावा

फ्लॅग म्हणजे पॅटर्नने कसं वागायचं ते सांगणारी जादा सूचना. पायथनमधल्या स्ट्रिंगचं स्वतःचं स्प्लिट रेजेक्स घेत नाही. त्यासाठी री हे मॉड्यूल इम्पोर्ट करावं लागतं. मग:

`री.स्प्लिट(पॅटर्न, मजकूर, फ्लॅग्ज=री.इग्नोरकेस)`

इग्नोरकेस हा एकच शब्द आहे, पूर्ण कॅपिटलमध्ये. त्याऐवजी नुसतं कॅपिटल आय लिहिलं तरी चालतं.

या ओळीतलं `फ्लॅग्ज=` कधीही गाळू नका. इथे थोडं थांबून नीट समजून घ्या, कारण री.स्प्लिटमधली ही सगळ्यात फसवी चूक आहे. या फंक्शनची तिसरी जागा फ्लॅगची नाही, मॅक्सस्प्लिटची आहे. मॅक्सस्प्लिट म्हणजे जास्तीत जास्त किती वेळा कापायचं. आणि इग्नोरकेस हा फ्लॅग आतून एक संख्या आहे: २. त्यामुळे नाव न देता तिसऱ्या जागी फ्लॅग ठेवला तर पायथनच्या कानावर पडतं ते असं: दोनदाच काप, आणि कॅपिटल-स्मॉलचा भेद पाळ. दोन्ही गोष्टी आपल्या मनातल्या उलट! तरीही एरर येत नाही. सगळे सेपरेटर स्मॉल असतील आणि दोनच असतील, तर उत्तरही बिनचूक दिसतं. मीही यात अडकलो आहे. लहान नमुन्यावर सगळं बरोबर चाललं आणि खऱ्या फाइलवर शेवटचा तुकडा अवाढव्य लांब यायला लागला. तासभर मी पॅटर्न तपासत बसलो होतो, आणि दोष पॅटर्नमध्ये नव्हताच. पायथन ३.१३ पासून अशा वापरावर इशारा मिळतो. पण ती आवृत्ती तुमच्याकडे असेलच असं नाही आणि इशारे नेहमी डोळ्यांसमोर येतातच असंही नाही.

बाकी भाषांमध्ये फ्लॅगची जागा वेगळी असते. जावास्क्रिप्टमध्ये रेजेक्स दोन तिरप्या रेघांच्या मध्ये लिहून शेवटी स्मॉल आय जोडतात आणि तो स्प्लिटला देतात. सगळीकडे शोधायला सांगणाऱ्या 'जी' या फ्लॅगची तिथे गरज नाही, स्प्लिट सगळीकडेच कापतं. मात्र रेजेक्सऐवजी अवतरणचिन्हांतली साधी स्ट्रिंग दिली तर भेद पाळला जातो. सी शार्पमध्ये `रेजेक्स.स्प्लिट` ला तिसरा भाग म्हणून `रेजेक्सऑप्शन्स.इग्नोरकेस` द्या. पीएचपीमध्ये `प्रेग_स्प्लिट` वापरून पॅटर्नच्या शेवटी स्मॉल आय लावा. जुन्या पीएचपी कोडमध्ये `स्प्लिटआय` दिसलं तर ते याच कामाचं जुनं फंक्शन आहे, पीएचपी ७ मध्ये ते काढून टाकलं. पॉवरशेलमधला स्प्लिट ऑपरेटर आधीपासूनच भेद पाळत नाही. तिथे भेद हवा असेल तर सी अक्षर लावलेला सीस्प्लिट वापरावा लागतो.

जावाच्या स्ट्रिंग.स्प्लिटमध्ये फ्लॅगला जागाच नाही. तिथे दोन मार्ग आहेत. `पॅटर्न.कंपाइल` ला रेजेक्ससोबत फ्लॅग देऊन तयार झालेल्या पॅटर्नवर स्प्लिट चालवायचं, किंवा फ्लॅग रेजेक्सच्याच पोटात घालायचा: `(?आय)`, यातला आय स्मॉल. हा इनलाइन फ्लॅग पायथन, गो, सी शार्प, पीएचपी या सगळ्यांना कळतो. गोमध्ये तर हाच नेहमीचा मार्ग आहे. फक्त तो पॅटर्नच्या अगदी सुरुवातीला ठेवा. पायथन ३.११ पासून तो मध्येच कुठे आढळला तर थेट एरर येते. पॅटर्नच्या एखाद्याच भागाला सूट द्यायची असेल तर `(?आय:ऑर)` असं लिहा, म्हणजे त्याची हद्द कंसापुरतीच राहते.

फ्लॅग देण्याची सोयच नसेल तेव्हा हाताने `[ओओ][आरआर]` लिहिता येतं, प्रत्येक चौकटी कंसात एक कॅपिटल आणि एक स्मॉल. दोन अक्षरांच्या शब्दाला हे ठीक आहे. दहा अक्षरांचा शब्द असा लिहिला तर पुढच्या माणसाला तो वाचवणार नाही.

तिसरी पायरी: शब्द पुरा आहे का ते बघा

आता फ्लॅग लावून नुसत्या `ऑर` या पॅटर्नने आपली स्ट्रिंग कापून बघा. चार नव्हे, सहा तुकडे मिळतात. रेड, ब्लू, मग नुसती एक स्पेस, मग ऑरेंजमधली उरलेली ए-एन-जी-ई ही चार अक्षरं, मग कोरलमधला एकटा सी आणि शेवटी ए-एल. फ्लॅगशिवाय तीनच तुकडे पडले असते आणि ऑरेंज वाचला असता, कारण त्याचा ओ कॅपिटल आहे. म्हणजे फ्लॅगमुळे खरे सेपरेटर जास्त सापडले, तसे खोटेही जास्त सापडले. केस-इन्सेन्सिटिव्ह, म्हणजे कॅपिटल-स्मॉल न पाहणारं, स्प्लिट लावताना शब्दाच्या सीमा आखणं म्हणूनच आलंच.

सीमा आखण्याची एक रीत म्हणजे वर्ड बाउंडरी, म्हणजे शब्द जिथे सुरू होतो किंवा संपतो ती जागा: `\बीऑर\बी`. आता चार तुकडे मिळतात, पण प्रत्येकाच्या अंगाला स्पेस चिकटलेली राहते. दुसरी रीत मला जास्त आवडते: `\एस+ऑर\एस+`. दोन्ही बाजूंना किमान एक मोकळी जागा असलीच पाहिजे, आणि ती जागाही सेपरेटरसोबत निघून जाते. उत्तर स्वच्छ येतं: रेड, ब्लू, ऑरेंज, कोरल, आणि ऑरेंजचा ओ कॅपिटलच राहिलेला.

पायथनमध्ये रेजेक्स लिहिताना अवतरणचिन्हाच्या आधी स्मॉल आर लावून रॉ स्ट्रिंग करा, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो. नाहीतर साध्या स्ट्रिंगमध्ये `\बी` चा अर्थ बॅकस्पेस होतो आणि वर्ड बाउंडरी रेजेक्सपर्यंत पोचतच नाही. जावामध्ये रॉ स्ट्रिंग नसल्यामुळे बॅकस्लॅश दोनदा लिहितात.

मोकळ्या जागेच्या पॅटर्नच्याही मर्यादा आहेत. कोणी चुकून ऑर लागोपाठ दोनदा लिहिला, तर पहिला मॅच मधली स्पेस खाऊन टाकतो. दुसऱ्या ऑरच्या आधी काही उरत नाही आणि तो पुढच्या तुकड्याला चिकटून येतो. `\एस` मध्ये नवी ओळही मोडते, हे अनेक ओळींच्या मजकुरात ध्यानात ठेवा. आणि वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस असू शकते. पायथन आणि जावास्क्रिप्टचं `\एस` ती ओळखतं, जावाचं मुळात ओळखत नाही. डोळ्यांना सगळं सारखंच दिसत असताना जावा कापायला तयार नसेल, तर आधी इथे शोधा.

चौथी पायरी: एकाहून जास्त सेपरेटर

ऑरसोबत अँडवरही कापायचं असेल तर मध्ये उभी रेघ येते. ती लिहिताना कंस विसरू नका. `\एस+ऑर|अँड\एस+` याचा अर्थ "मागे जागा असलेला ऑर, किंवा पुढे जागा असलेला अँड" असा होतो, कारण उभी रेघ पूर्ण पॅटर्नचे दोन भाग करते. शब्दांभोवती कंस हवा.

पण साधा कंस घातला की निराळंच दिसतं: उत्तरात रंगांच्या मधोमध ऑर आणि अँडही येऊन बसतात. ही चूक नाही. साधा कंस म्हणजे कॅप्चर ग्रुप, आत सापडलेला मजकूर धरून ठेवणारा कंस, आणि पायथन, जावास्क्रिप्ट, सी शार्प, पर्ल, रूबी यांत स्प्लिट कॅप्चर झालेला मजकूर उत्तरात घालतं. जावा आणि गो घालत नाहीत, पीएचपी वेगळा फ्लॅग दिल्यासच घालतं. सेपरेटर नको असतील तर कॅप्चर न करणारा कंस वापरा:

`\एस+(?:ऑर|अँड)\एस+`

कधी कधी सेपरेटर मुद्दाम हवे असतात. शोधवाक्याचा अर्थ लावताना कुठे ऑर होता आणि कुठे अँड, हे कळावंच लागतं. तेव्हा साधा कंसच ठेवा. प्रत्येक सेपरेटर मूळच्याच कॅपिटल-स्मॉलसह परत मिळतो, तुलना करताना तेवढा सेपरेटर स्मॉल करून घ्या.

सेपरेटरमध्ये रेजेक्सचं खास चिन्ह असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या. "व्हीएस." या संक्षेपातला टिंब तसाच सोडला तर तो कोणत्याही अक्षराला मॅच होतो. कोणी टिंब देतं, कोणी देत नाही, म्हणून `व्हीएस\.?` लिहिलं की दोन्ही सापडतात. सेपरेटर वापरणाऱ्याकडून येत असेल तर स्वतः बॅकस्लॅश जोडत बसू नका. पायथनमध्ये `री.एस्केप`, जावामध्ये `पॅटर्न.कोट`, सी शार्पमध्ये `रेजेक्स.एस्केप`, पीएचपीमध्ये `प्रेग_कोट` याचसाठी आहेत.

पाचवी पायरी: रिकामे तुकडे आणि मर्यादा

मजकूर सेपरेटरनेच सुरू झाला किंवा संपला तर रिकामी स्ट्रिंग मिळू शकते. जावा शेवटच्या रिकाम्या स्ट्रिंग गुपचूप टाकून देतं. त्या हव्या असतील तर स्प्लिटला मर्यादा म्हणून ऋण संख्या द्या. पायथन आणि जावास्क्रिप्ट त्या ठेवतात. शोधशब्दांच्या यादीतून रिकामे तुकडे गाळलेले बरे. तक्त्याच्या ओळीतून मात्र गाळू नका, तिथे रिकामा तुकडा म्हणजे रिकामा रकाना, तो गेला की पुढचे रकाने सरकतात.

मर्यादेचा अर्थही भाषेनुसार बदलतो. पायथनला दोन ही मर्यादा दिली तर तो दोनदा कापतो आणि तिसऱ्या तुकड्यात उरलेलं सगळं ठेवतो. जावाला दोन दिलं तर तुकडेच दोन, उरलेलं दुसऱ्यात. जावास्क्रिप्ट पहिले दोन तुकडे देतं आणि बाकीचा मजकूर चक्क टाकून देतं. एका भाषेतला कोड दुसरीत नेताना ही ओळ दोनदा वाचा.

मजकूर इंग्रजीपलीकडचा असेल तर

जावाचा हा फ्लॅग मुळात फक्त आस्की अक्षरांपुरता चालतो. उच्चारचिन्हं असलेली फ्रेंच किंवा जर्मन अक्षरं असतील तर युनिकोड केस हा फ्लॅगही जोडावा लागतो. सी शार्प तुलना करताना संगणकाच्या भाषा-सेटिंगकडे बघतं. तुर्की सेटिंग असलेल्या यंत्रावर कॅपिटल आय आणि स्मॉल आय जुळत नाहीत, म्हणून तिथे `कल्चरइन्व्हेरियंट` हा पर्यायही द्या. पायथनमध्ये याच्या उलट अनुभव येतो. फ्लॅग लावून स्मॉल ए ते झेड असा पट्टा दिला तर त्यात तापमानाच्या केल्विनचं खास चिन्हसुद्धा मॅच होतं, कारण त्याचं स्मॉल रूप साधा के आहे.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, त्यामुळे हा फ्लॅग मराठी शब्दांवर काहीच करत नाही. आपली खरी अडचण वर्ड बाउंडरीत आहे, आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा स्वतः चालवून बघावी. पायथनचं री मॉड्यूल काना, वेलांटी, मात्रा यांना शब्दातलं अक्षर मानत नाही. त्यामुळे `\बीआणि\बी` हा पॅटर्न मोकळ्या जागांमधल्या "आणि" ला मॅचच होत नाही: शेवटची वेलांटी आणि पुढची स्पेस, दोन्ही त्याच्या लेखी शब्दाबाहेरच्या, मग सीमा कुठली? उलट `\बीपण\बी` हा पॅटर्न "मोठेपणा" या शब्दाच्या पोटात मॅच होतो, कारण प च्या आधी मात्रा आहे आणि ण नंतर काना. तुकडे पडतात "मोठे" आणि एक अनाथ काना. जावास्क्रिप्टमध्ये तर वर्ड बाउंडरी रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर यांच्यापुरतीच आहे. म्हणून मराठी सेपरेटरसाठी `\एस+पण\एस+` हाच मार्ग धरा.

कॅपिटल-स्मॉलसारखाच एक प्रकार देवनागरीतही आहे. "तऱ्हा" मधला ऱ एका कोडपॉइंटचा असू शकतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन कोडपॉइंटचा. दिसायला एकच, पण पॅटर्नला वेगळे. इथे कोणताही फ्लॅग मदत करत नाही. मजकूर आणि पॅटर्न दोन्ही आधी एनएफसी या एकसारख्या युनिकोड रूपात (इथे र आणि नुक्ता जोडून एकच कोडपॉइंट) आणावे लागतात, पायथनमध्ये त्यासाठी `युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ` आहे.

शेवटची पायरी: पडताळणी

पॅटर्न तयार झाला की चार प्रकारच्या स्ट्रिंग त्यावर चालवा: सेपरेटर तिन्ही रूपांत असलेली, सेपरेटर मुळीच नसलेली, सेपरेटरने सुरू होणारी आणि सेपरेटरची अक्षरं दुसऱ्या शब्दात दडलेली. चालवण्याआधी प्रत्येकीचे किती तुकडे पडायला हवेत ते कागदावर लिहा. सेपरेटर नसलेल्या स्ट्रिंगचा एकच तुकडा, म्हणजे तीच स्ट्रिंग, परत आली पाहिजे. खऱ्या सेपरेटरांची संख्या तीनपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे मॅक्सस्प्लिटची चूक लपून राहणार नाही.

पायथनमध्ये आणखी एक चाचणी करता येते, आणि मी ती नेहमी लिहितो. पूर्ण पॅटर्नभोवती तेवढ्यापुरता एकच साधा कंस घाला, आतले बाकी सगळे कंस कॅप्चर न करणारे असू द्या. स्प्लिट करा आणि मिळालेले सगळे तुकडे सेपरेटरांसकट पुन्हा जोडा. जोडलेली स्ट्रिंग मूळ स्ट्रिंगशी अक्षरन्‌अक्षर जुळली पाहिजे, कॅपिटल-स्मॉलसकट. जुळली नाही तर स्प्लिटच्या आधी कुठेतरी मजकूर बदलला गेला आहे. बहुतेक वेळा कोणीतरी लिहून ठेवलेलं ते लोअरच तिथे सापडतं.